मोगरा, जाई, जुई : हलक्या अत्तराचा वास कसा ओळखावा

चैत्रातल्या हळदीकुंकवाची तयारी सुरू झाली की मंडळात अत्तराचा विषय निघतो. पन्हे, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे यांबद्दल कुणाचे दुमत नसते. अत्तर कोणते आणायचे यावर मात्र दरवर्षी चर्चा होते. ज्येष्ठ मंडळी मोगरा नाहीतर खस सुचवतात. मधल्या पिढीचे म्हणणे, काहीही आणा पण डोके दुखायला नको. आणि मुलांपैकी काहींना मोगऱ्याचे अत्तर हुंगल्यावर गाडीत टांगतात त्या सुगंधी डबीची आठवण होते. हे शेवटचे उत्तर ऐकून आम्हाला हा लेख लिहावासा वाटला. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या नाकाला डबीची ओळख आधी झाली, फुलाची नंतर. पण एखाद्या वासाचे वर्णन करायला शब्द नसले की सगळे वास सारखेच वाटू लागतात, आणि बाजारात त्याच नावाने काहीही गळ्यात मारता येते. म्हणून मोगरा, जाई, जुई या हलक्या फुलांचा आणि त्यांच्या अत्तराचा स्वभाव इथे जरा सविस्तर सांगत आहोत.

'हलके' या शब्दापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण मराठीत हलके म्हणजे कमी दर्जाचे असाही अर्थ होतो. इथे तो अर्थ नाही. अत्तर हलके म्हणजे अंगावर न बसणारे, लवकर उडणारे. आपल्या भाषेत वासाच्या तऱ्हा सांगणारे शब्द भरपूर आहेत. केवडा किंवा हिना यांचा घमघमाट सुटतो. फार झाला की त्याच वासाला दर्प म्हणतात. मोगरा मात्र दरवळतो. दरवळ हा वाऱ्यासोबत येतो आणि जातो. अंगणात बसलेल्याला एकदा जाणवतो, मग थोडा वेळ नाही, मग पुन्हा. ज्ञानेश्वरांच्या काळापासून चालत आलेला परिमळ हा शब्द आता बोलण्यात फारसा राहिला नाही, पण दूरवर पसरलेल्या सौम्य वासाला त्याच्याइतका नेमका शब्द दुसरा नाही. हलके अत्तर ओळखायची पहिली खूण हीच: त्याला दरवळ म्हणता आले पाहिजे. घमघमाट म्हणावेसे वाटले तर ते हलके नव्हे.

आता नावे. कमठाणा, बिदर, भालकी, बसवकल्याण या भागात एका घरात तीन भाषा सहज कानावर पडतात, आणि फुलांच्या नावांचा गोंधळ तिथूनच होतो. मराठी जाई आणि कन्नड जाजी ही दोन्ही संस्कृत 'जाती'पासून आली. जुई 'यूथिका'पासून. मल्लिकेचे कन्नडात मल्लिगे झाले. मराठीत मात्र त्या फुलाला मोगरा हे नाव राहिले, ते 'मुद्गर'पासून. दखनी बोलणारे शेजारी त्यालाच मोतिया म्हणतात. हिंदीतली चमेली ही बहुतेक वेळा आपली जाई असते, हे अत्तर घेताना लक्षात ठेवावे. नुसते मल्लिगे म्हटले तर दुकानदार समोर असेल ते फूल देतो. कर्नाटकात मल्लिगेचेच तीन प्रकार भौगोलिक मानांकन मिळवून बसले आहेत, म्हैसूर, उडुपी आणि हडगली, आणि तिन्ही दिसायला-वासाला वेगळे आहेत. तेव्हा शब्द कन्नड असो की मराठी, तो नेमका असला म्हणजे झाले.

वासाचे म्हणाल तर मोगरा या तिघांत गोल आणि भरदार. पहिल्या क्षणी त्यात हिरवा, ओलसर गारवा लागतो, कच्च्या देठासारखा. मग गोडी येते आणि त्या गोडीत कुठेतरी पिकलेल्या द्राक्षाची छटा असते. जाईचा वास त्याहून तलम आणि थोडा उबदार. चहाची कोरडी पत्ती हुंगावी तशी एक झाक तिच्या मागून येते. जुई सर्वांत बारीक. फूल इवले, पण वास अणकुचीदार. एका ओंजळीने खोली भरते आणि तरी जडपणा नाही. आमच्या मते हलकेपणात जुईच पहिली, मोगरा तिसरा. यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील आणि त्यांनी जरूर घालावा. वर्णन करताना एवढेच पाहावे की 'छान' आणि 'मस्त' हे दोन शब्द वापरायचे नाहीत. ते बंद केले की माणूस आपोआप देठ, द्राक्ष, चहा, ओली माती असे काही शोधू लागतो.

या फुलांचा खरा विशेष वासापेक्षा वेळेत आहे. मोगऱ्याची कळी दिवसा तोडतात तेव्हा ती मिटलेली असते आणि तिला वास जवळजवळ नसतो. संध्याकाळी ती उमलते आणि रात्री भरात येते. झाडावरून तोडल्यानंतरही ती काही तास नवा सुगंध तयार करत राहते. गुलाबाचे तसे नाही; तो पहाटे तोडून लगेच भट्टीला न्यावा लागतो, उन्हे चढली की त्याचे तेल कमी होत जाते. पारिजातक सकाळी अंगणात पडतो तोवर त्याची रात्र संपत आलेली असते. बकुळीचे उलटेच, सुकून तपकिरी झाली तरी पेटीतल्या साड्यांना महिनोन् महिने वास देते. म्हणून बाजारात संध्याकाळी पूर्ण उमललेला गजरा घेऊ नये. कळ्यांचा घ्यावा आणि ओल्या फडक्यात ठेवावा, म्हणजे कार्यक्रमाच्या वेळी तो उमलत असतो. आपल्याकडच्या गजऱ्यात मोगऱ्यामध्ये मरवा किंवा दवणा गुंफतात तो केवळ रंगासाठी नव्हे. पानांचा तिखट हिरवा वास मोगऱ्याच्या गोडीला आवर घालतो. अबोली मात्र निव्वळ रंगासाठी, तिला वास नाही.

हे असे का होते, याचे थोडे रसायनशास्त्र. मोगऱ्याच्या सुगंधात अनेक द्रव्ये असतात, पण चार लक्षात ठेवली तरी पुरे. लिनालूल हे स्वच्छ, थंड वासाचे द्रव्य धण्यातही असते; धणे चुरडून हुंगले तर ओळखीचे वाटेल. बेंझाइल अ‍ॅसिटेट फळासारखी गोडी देते. मिथाइल अँथ्रानिलेट द्राक्षाची छटा आणते. आणि चौथे इंडोल. हे एकटे आणि दाट असले तर त्याला घाण वास येतो, विष्ठेतही ते सापडते. पण अगदी थोडे असले की फूल जिवंत वाटते. स्वस्त मोगऱ्यात ते पुष्कळदा गाळलेले असते, आणि मग तो वास साबणासारखा धुतलेला, सपाट लागतो. गाडीतल्या डबीशी जे साम्य मुलांना वाटते त्याचे बरेचसे कारण हेच आहे.

ही द्रव्ये लवकर का उडतात? कारण त्यांचे रेणू लहान आहेत. लिनालूलचा रेणुभार सुमारे १५४, बेंझाइल अ‍ॅसिटेटचा १५०. चंदनाच्या तेलातल्या सँटॅलॉलचा २२०. जड रेणू कातडीवर रेंगाळतात, हलके निघून जातात. तेव्हा नुसते फूल कितीही उत्तम असले तरी त्याचा वास टिकवायला कुणाचा तरी आधार लागतो. अत्तराची सगळी विद्या या आधाराभोवती उभी आहे.

ही विद्या आपल्या भागाला परकी नाही. आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ १२ व्या शतकाच्या पूर्वार्धातला. शंभर अध्याय, पाच विंशती. त्यातल्या तिसऱ्या विंशतीत राजाचे वीस उपभोग सांगितले आहेत. त्यांत अन्न, पाणी, वस्त्र, तांबूल यांच्या रांगेत विलेपन, माल्य आणि धूप यांना स्वतंत्र अध्याय आहेत, म्हणजे अंगाला लावायचे गंध, फुलांच्या माळा आणि धुपाचा वास हे तीन वेगळे विषय मानले गेले. मराठी माणसाला या ग्रंथाचे आणखी एक अप्रूप आहे: महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद त्यात येते. कांडणाऱ्या बाईची ओवी आणि राजाच्या अंगाची उटी एकाच ग्रंथात, आणि तो ग्रंथ आपल्या जिल्ह्यातला. बसवकल्याणला जाणारी आपली मुले किल्ला पाहून परततात. हेही त्यांना सांगायला हवे.

दुसरा धागा पुण्याचा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी गेल्या शतकात गंगाधर नावाच्या ग्रंथकाराचा 'गंधसार' आणि त्यासोबतचा 'गंधवाद' अभ्यासकांपुढे आणला. गंधवादाला मराठी टीका आहे. सुगंध कसा तयार करावा याचे शास्त्र जुन्या मराठीत समजावून सांगणारा कुणीतरी होता, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. गंधसारात सुगंध तयार करण्याच्या सहा क्रिया येतात: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. यातली शेवटची, वासन, म्हणजे फुलांच्या सहवासाने वास लावणे. पाचनात उष्णता आहे, धूपनात धूर आहे. वासनात फक्त शेजार. जुईसारख्या नाजूक फुलाला हाच मार्ग मानवतो.

सर्वांत साधे वासन तिळाचे. स्वच्छ तिळाचा थर, त्यावर ताज्या कळ्यांचा थर, पुन्हा तीळ. रात्रभर कळ्या उमलतात आणि त्यांचा वास तिळातल्या तेलात मुरतो. सकाळी कोमेजलेली फुले काढून टाकायची, संध्याकाळी नवी घालायची. असे कित्येक दिवस केल्यावर तीळ घाण्याला लावले की सुगंधी तेल निघते, तेच फुलेल. हल्ली चमेलीचे तेल म्हणून बाटलीत मिळते त्याचा पूर्वज हा. आपल्या भागात तिळाचे कौतुक आधीच आहे. ज्या सणाला आपण येळवस म्हणतो त्याच्या 'एळ्ळ अमावास्या' या कन्नड नावातला एळ्ळु म्हणजे तीळच. घरी करून पाहायचे असेल तर वाटीभर तीळ आणि रोज दोन मुठी कळ्या पुरतात. तीळ कोरडे हवेत, नाहीतर फुलांच्या ओलाव्याने बुरशी येते.

दुसरा मार्ग भट्टीचा, आणि त्याचे माहेर उत्तर प्रदेशातले कनौज. तांब्याच्या मोठ्या भांड्यात, म्हणजे देगेत, फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. खाली मंद आच. वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या लांब मानेच्या भांड्यात उतरते. तो भपका पाण्यात ठेवलेला असतो आणि त्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. वाफ थंड होते, फुलाचा वास चंदनात शिरतो, पाणी वेगळे करून टाकतात. मग पुन्हा ताजी फुले, पुन्हा तेच तेल. चंदन स्वतः मृदू असल्यामुळे मोगऱ्यावर कुरघोडी करत नाही, पण त्याला धरून ठेवते. चांगल्या मोगरा अत्तरात तासाभराने जो दुधाळ, शांत वास उरतो तो या यजमानाचा असतो. अर्थात उष्णतेने मोगऱ्याचे रूप थोडे बदलतेच. अत्तरातला मोगरा आणि वेणीतला मोगरा तंतोतंत सारखा कधीच नसतो, आणि तसा दावा कुणी केला तर शंका घ्यावी.

चंदन म्हटले की आपल्याच राज्याचे नाव येते. पहिल्या महायुद्धामुळे युरोपला जाणारे लाकूड अडले आणि १९१६ साली म्हैसूर संस्थानाने चंदनाचे तेल स्वतः काढायला सुरुवात केली. पुढे चंदन इतके महाग झाले की अत्तराचा आधार म्हणून ते परवडेनासे झाले. आज बाजारातल्या बहुतेक अत्तरांत त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन, म्हणजे बिनवासाचे खनिज तेल, असते. फुलांचेही गणित असेच कठीण आहे. द्रावकाने काढलेल्या मोगरा-जाईच्या शुद्ध अर्काच्या एका किलोला साधारण ७०० ते १००० किलो फुले लागतात. तोळ्याचा हिशोब केला तर एका तोळ्याला आठ ते बारा किलो. संध्याकाळी गजऱ्याला जे पैसे आपण मोजतो त्यावरून आठ किलो कळ्यांची किंमत मनातल्या मनात काढावी, आणि मग शंभर रुपयांच्या कुपीवरचे 'शुद्ध मोगरा' हे शब्द वाचावेत.

म्हणून कृत्रिम अत्तर वाईट, असे आम्ही म्हणत नाही. प्रयोगशाळेतले लिनालूल आणि फुलातले लिनालूल यांत रेणू म्हणून फरक नाही, आणि सणावारी सगळ्यांना अस्सल अत्तर परवडणार नाही हे उघड आहे. आमची हरकत फक्त नावाला आहे. विकत घेताना एक सोपी चाचणी करावी. कागदाच्या कोऱ्या पट्टीवर एक थेंब घ्यावा. लगेच हुंगू नये. मिनिटभराने पहिला वास घ्यावा, अर्ध्या तासाने दुसरा, दोन तासांनी तिसरा. फुलाच्या अत्तराची ही तीन रूपे वेगळी असतात: आधी हिरवा गारवा, मग उमललेली गोडी, शेवटी चंदन. तिन्ही वेळा एकच ठोकळेबाज वास आला, किंवा दोन तासांनी तेलकट डागाखेरीज काहीच उरले नाही, तर ते काय असावे हे समजते. घाईत दुकानात चार कुप्या एकापाठोपाठ हुंगून निवड करू नये. नाक फार लवकर सवयीचे होते. दहा मिनिटांत आपल्याला आपलाच वास येईनासा होतो, शेजारच्याला मात्र येत असतो. 'उडून गेले' म्हणून पुन्हा पुन्हा लावणारे इथेच फसतात.

लावण्याची आपली जुनी पद्धत हलक्या अत्तराला अगदी योग्य आहे. हळदीकुंकवात अत्तरदाणीतली काडी हाताच्या पाठीवर टेकवतात, फवारत नाहीत. हात हलला, नमस्काराला उचलला, की तेवढ्यापुरता वास येतो. जुन्या पुरुषमंडळींचा कानातला कापसाचा फायाही तसाच. थेंब कापसात मुरलेला असतो आणि कानाच्या उबेने हळूहळू सुटतो. कोरड्या त्वचेपेक्षा किंचित तेल लावलेल्या त्वचेवर अत्तर अधिक टिकते. रेशमी साडीवर थेट थेंब टाकू नये, डाग पडतो. ऋतूंचेही भान असावे. हिना आणि शमामा थंडीचे. बिदरच्या पठारावर ऊन तापले असताना ते गुदमरवतात. चैत्र-वैशाखात मोगरा, गुलाब, खस.

यंदाच्या हळदीकुंकवाबद्दल आमची विनंती अशी. सभागृहात फवारे नकोत. बंद जागेत दम्याच्या माणसाला त्यांचा त्रास होतो, आणि दहा जणींचे दहा फवारे मिसळले की कुणाचाच वास कळत नाही. एकच अत्तर ठेवू, थेंबाने लावू. दाराशी परातीत मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या पाण्याचा हात फिरवून ठेवू, म्हणजे दिवेलागणीला येणाऱ्यांना त्या उमलताना दिसतील. परातीशेजारी अत्तराची पट्टीही असेल. मुलांनी आधी कळी हुंगावी, मग पट्टी, आणि दोन्हींत काय वेगळे वाटले ते वहीत लिहावे. मराठीत जमले नाही तर कन्नडात लिहिले तरी चालेल, शेजारी बसून आपण मराठी शब्द शोधून देऊ. जाई-जुईचा बहर पावसाळ्यात असतो, त्यामुळे त्यांची परात श्रावणात, मंगळागौरीच्या वेळी. ज्यांच्या परसात जुईचा वेल आहे त्यांनी आताच सांगून ठेवावे.